अधिकच्या जागी उणे

काकूंचं लाल पेन एका समीकरणावर थांबलं.

"इथे अधिक हवं," त्या म्हणाल्या. "उणे पडलंय."

समोर बसलेली विद्यार्थिनी हसली. विद्यार्थिनी म्हणायचं एवढंच. आता तीही केस पिकलेली प्राध्यापिका होती. सरांच्या सापेक्षतेच्या पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघत होती. सर गेले तेव्हा कृष्णविवरांचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं, ते तिने लिहून पुरं केलं. उद्या पुस्तक छापायला जायचं होतं आणि मुद्रितं तपासायला सरांच्या बायकोइतकं खमकं दुसरं कोण मिळणार? मुद्राराक्षसाचा प्रताप असेल, असं म्हणत तिने पिशवीतून आधीचं मुद्रित काढलं.

त्यात अधिकच होतं. तिच्या हस्तलिखितातही. तिने छापखान्यात फोन लावला. त्या पानाला कोणी हातसुद्धा लावलेला नाही, असं तिथल्या माणसाने जरा चिडूनच सांगितलं.

काकूंची नजर त्या उणेवरच होती. सरांना एक खोड होती. प्रत्येक प्रकरण काकूंच्या हातात देण्याआधी ते त्यात मुद्दाम एक चूक पेरून ठेवत. काकूंना ती सापडली की सर हरले, चहा त्यांनी करायचा. संसारात काकूंना दुपारचा चहा क्वचितच करावा लागला. या प्रकरणाची आधीची मुद्रितं मात्र त्यांनी डोळ्यांत तेल घालून वाचली आणि त्यांत काहीच सापडलं नाही. त्या दिवशी घर पहिल्यांदा खरोखर रिकामं वाटलं आणि त्या पोटभर रडल्या.

"दुरुस्त करून टाका ना काकू," विद्यार्थिनी म्हणाली. "हे असं छापलं तर अर्थच उलटा होतो."

"माहितीये." काकूंनी त्या चिन्हावर बोट ठेवलं. "अधिक असलं की विवरात गेलेलं परत येत नाही. उणे केलं की आत कोणी जाऊ शकत नाही, आणि आतलं बाहेर येतं."

स्वयंपाकघरात नळ सुटला आणि बंद झाला. भांडं ओट्यावर टेकलं. मग लायटर नुसताच कटकटला, पुन्हा कटकटला, आणि बऱ्याच खटपटीनंतर गॅस पेटला. सरांना तो एका झटक्यात कधीच पेटवता आला नव्हता. या घरात इतक्यांदा चहा प्यायलेल्या विद्यार्थिनीला ते चांगलं ठाऊक होतं.

तिने दाराकडे पाहिलं. आत आल्यावर कडी तिनेच लावली होती. घरात त्या दोघींशिवाय कोणी नव्हतं.

"काकू," ती अगदी हळू म्हणाली, "अधिक करा ते. आत्ताच्या आत्ता."

काकूंनी पेन कागदापर्यंत नेलं. एकही चूक त्यांनी कधी नजरेखालून निसटू दिली नव्हती, आणि ही त्यांना खोडवत नव्हती. आत कपांचा आवाज झाला.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"करते," त्या म्हणाल्या. "आधी चहा होऊ दे."