टोकाला लिंबू

"हाई पान वर ऱ्हाऊ दे. हलाडू नको," असं कुजबुजत रुक्मिणीबाईंनी भविष्याच्या पत्त्यांचा गठ्ठा सून दामिनीच्या हातात दिला. कोणतं पान आणि त्याचा अर्थ काय, हे सासू-सुनेचं स्वयंपाकघरात आधीच ठरलं होतं. पान उलट्या रथाचं. अर्थ असा, की घरधनी पितांबरआबांना यंदा वाहन वर्ज्य.

काल दिवेलागणीला लोणखेड्याच्या वळणावर समोरून उसाची ट्रॉली आली, ती आबांना दिसलीच नाही. मोटारसायकल थेट केळीच्या बागेत. आबांना खरचटलंही नाही, पण घरी येऊन वर ट्रॉलीवाल्याचाच उद्धार. उद्या सकाळी नात चिमी याच गाडीवर आबांच्या मागे बसून शहाद्याला शाळेत जाणार होती. आबांच्या डोळ्यांचा विषय काढायची घरात कोणाची छाती नव्हती. मुलगा हेमकांत तर असा विषय निघाला की गोठ्याकडे वळायचा. "आमनं ते ऐकतस नई, पत्तासनं तरी ऐकतीन," ही अक्कल रुक्मिणीबाईंची.

दामिनी दिवाळीपासून मोबाईलवर हे टॅरोचे पत्ते वाचायला शिकत होती. प्याले म्हणजे माया, नाणी म्हणजे संसार, काठ्या म्हणजे उमेद, इथवर गाडी झकास आली आणि तलवारींपाशी अडली. ज्या पानावर बघावं तिथे कोणी तरी रडतंय, नाहीतर पाठीत तलवारी खुपसून पडलंय. "तलवार म्हणजे खरं बोलणं. कापलं तरी बोलायचं," असं पुण्याच्या शिकवणाऱ्या बाई सांगत. दामिनी मात्र भाजीवालीने किडकी वांगी दिली तरी "ऱ्हाऊ दे माय" म्हणून घेऊन येणारी. तिने तो धडा सोडून दिला होता.

आबा खाटेवर मांडी ठोकून बसले. "आन, दखू तुन्हं भविष्य." दामिनीने वरच्या पानाला हात घातला.

"थांब! काटाशिवाय पत्ता उचलस का कोनी?"

उभा जन्म पारावर पत्ते कुटलेला माणूस तो. त्यांनी अर्धा गठ्ठा उचलून खाली सारला आणि रथ मधल्या मध्ये गडप झाला. दारामागे रुक्मिणीबाईंनी कपाळावर हात मारला.

निघालं ते तलवारींचं पान. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, दोन हातांत दोन तलवारी. आबांनी पान नाकाजवळ नेलं, मग हात लांब करून पाहिलं.

"चांगलं पान शे. बाईना हातमा ऊस शे ना?"

रुक्मिणीबाईंनी पदर तोंडाशी नेला. दामिनीला आधी हसू आलं, मग कालची ट्रॉली आठवली.

"तलवारी शेतस, आबा."

"अस्सं. मंग काय सांगस हाई पान?"

दारामागून सासू खुणावत होती: गाडी, गाडीचं बोल! काहीही ठोकून देता आलं असतं. पण दामिनीचा या म्हाताऱ्यावर जीव होता. लग्नानंतर तिला मोटारसायकल शिकवायला हाच माणूस धोतराचा सोगा खोचून केळीच्या बांधावर मागे मागे धावला होता. गाव हसत होतं, हा धावत होता. या पत्त्यांचं पार्सलही त्यानेच स्टँडवरून आणलं होतं, त्याच मोटारसायकलवर. त्याला खोटं सांगायचं कसं? आणि खरं तरी कसं सांगायचं?

तिची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. फेट्यातला तरुण पितांबर, हातात नवरदेवाची, टोकाला लिंबू खोचलेली तलवार.

"आबा, लगीनमा तुमनी तलवारले लिंबू कसाले लायेल व्हतं?"

आबा खुलले. "नजर लागाले नको म्हनून. आनि मांडवमा गर्दी ऱ्हास, पोरंसोरं ऱ्हातस, कोनले टोचाले नको. तलवारनी धार काय कमी व्हस नई. पन टोकले लिंबू पाह्यजे."

"तरी मन्हा शालूले भोक पाडंच," रुक्मिणीबाई दारामागून बोलल्याच.

पुण्याच्या बाईंनी हे लिंबाचं काही शिकवलं नव्हतं. दामिनीने आबांच्या हातातलं पान काढून घेतलं, पालथं ठेवलं आणि खाटेच्या कडेला टेकली.

"आबा, पत्ता ऱ्हाऊ द्या. हाई मी सांगी ऱ्हायनी. तुमले दिसस नई. काल ट्रॉलीभर ऊस व्हता, तो दिसना नई. आज पत्तावर ऊस नई, तठे मातर दिसना. माले हाई गाडी तुम्हीच शिकाडी. तुम्ही मांगे व्हतात, म्हनून माले भेव नई वाटना. आते मी चालाडसू, चिमी मझार आनि तुम्ही मांगे. तुम्ही मांगे नसनात ते माले..."



आबा उठले, खुंटीपाशी चाचपडले आणि स्वयंपाकघरात गेले. एक डबा पडला. रुक्मिणीबाई आणि दामिनी एकमेकींकडे बघत राहिल्या. आता जेवणावर राग निघणार, असं दोघींच्याही मनात आलं.

आबा बाहेर आले ते हातात लिंबू घेऊन. मोटारसायकलची किल्ली त्यात पार मुठीपर्यंत खोचलेली होती.

"सकायले धीरे चालाडजो," म्हणत त्यांनी ते दामिनीपुढे धरलं. तिचा हात काही पुढे येईना.

"ले ना बेटा," आबा म्हणाले, "टोचस नई."