चार महिन्यांचं झाड

"माझा आवळा कुठाय?"

गौराबाईच्या हातातली झारी कलंडली.

समोर आठ वर्षांची निशिगंधा. जुलैत शाळेच्या सहलीबरोबर मुंबईहून कर्जतच्या या कॅम्पवर आली होती. चिखलात फतकल मारून तिनं रोप लावलं होतं, त्याच्याशी गप्पा मारल्या होत्या. आता दिवाळीच्या सुटीत, आईला गाडी काढायला लावून, ती झाड बघायला आली होती.

असं कुणी परत येत नसतं. कॅम्प त्यावरच चालला होता.

शनिवारी मुलं रोपं लावत. बस वळणाआड गेली की गौराबाई ती अलगद उपटी, परत काळ्या पिशव्यांत भरी. पुढच्या शनिवारी पुढची शाळा. तोच खड्डा. तेच रोप. नव्या टाळ्या.

निशिगंधाचा आवळा तिच्यानंतर पाच मुलांनी लावला. सहाव्याच्या हातात तो वाळला.

"काय पण दाखव, मावशी," मॅनेजर जितेश दातांतल्या दातांत पुटपुटला. "नायतर उद्यापासून तू पण घरी, मी पण."

काय दाखवायचं?

आवारात झाड एकच. जांभळाचं. ही जमीन गौराबाईच्या घरची होती तेव्हाचं, तिच्या थोरल्या मुलाच्या जन्माच्या वेळी लावलेलं. थोरला आता साजगावला कंपनीत. झाडाच्या शेंड्याला कावळ्याचं घरटं.

गौराबाईचा हात आपोआप त्याच्याकडे गेला.

"ह्ये बघ. ह्येच तुजं."

बोलली मात्र, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आवळ्याचं पान केवढं, जांभळाचं केवढं! शेजारच्या कडाव गावातलं शेंबडं पोरही फिदीफिदी हसलं असतं.

पोरगी हसली नाही. वर बघत राहिली. मग धावत जाऊन तिनं खोडाला मिठी मारली. हात पुरेनात.

"केवढा मोठा झालास रे! आई, बघ ना, माझा आवळा!"

ह्ये तुजं नाय गं, बाळा. शब्द गौराबाईच्या ओठांपर्यंत आले. जितेश तिच्याकडेच बघत होता. तिनं झारीत उरलेलं पाणी बुंध्याशी ओतलं.

आता राहिली ती आई. मोठी बाई, शिकलेली. ती ओळखेल. ओरडेल, भांडेल. भांडू दे एकदाची.

आई गाडीतून उतरली. गॉगल कपाळावर सारला. बुंध्यापासून घरट्यापर्यंत झाड नीट पाहिलं. मग गौराबाईकडे वळली.

"मावशी, खत कुठलं घालता हो? आमच्या बाल्कनीत काहीच वाढत नाही."