काळं कापड

बायको गेल्यापासून क्वाबेना शोकाचं काळं कापड पांघरत होता. वर्ष सरेपर्यंत ते उतरवायचं नाही, ही रीत. लेक सेर्वाला कुमासीच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. ती यंदाच घ्यायची, नाहीतर हातची जाणार. पण पोर अडून बसली. "बाबा, तुमच्या अंगावर काळं आहे तोवर मी घर सोडणार नाही. वर्षभर थांबेन." समजावून बाप थकला. एका सकाळी तो शोक संपल्याचं पांढरं कापड पांघरून अंगणात आला. फुफूसाठी उकडलेले कंद कुटणाऱ्या बहिणीचा हात थांबला. "दादा, एवढी घाई? नवी बायको बघून ठेवलीस वाटतं!" सेर्वाचे डोळे भरले. "आईला इतक्यात विसरलात?" "जगायला नको का?" तो म्हणाला. तिने पेटी भरली. निघताना वळूनही पाहिलं नाही. काखेत पिशवी घेऊन तो मागोमाग फाट्यापर्यंत गेला. बस वळणाआड गेली. त्याने पिशवीतून काळं कापड काढलं आणि तिथेच, फाट्यावर, पुन्हा पांघरलं.