पांढरीवरची बाई

सांगाड्याला पाय नव्हते. ते आधी भाग्यश्रीच्याच लक्षात आलं. खड्ड्याभोवतीच्या दोरीखालून वाकून तिनं पुन्हा नीट पाहिलं. कवटी होती, बरगड्या होत्या, मांड्यांची आणि नडग्यांची हाडं सरळ मांडल्यासारखी होती. घोट्यांपाशी मात्र सगळं संपत होतं.

"पप्पा, हिचे पाय कुठं गेले?"

गोरक्षला ते ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नाही असं म्हणायची त्याला सवयही नव्हती. "उंदरांनी नेले असतील," तो म्हणाला आणि भेळेचा पुडा लेकीपुढे धरला. आज तो भलताच लाडात आला होता. अंबडच्या कंपनीतला रविवारचा ओव्हरटाइम सोडून त्यानं बायकोला आणि लेकीला मोटरसायकलवर बसवलं होतं आणि थेट चांदवडच्या पुढे, या गावाबाहेरच्या पांढरीवर आणलं होतं. जुनं गाव पोटात घेऊन बसलेली ती टेकडी. कॉलेजच्या लोकांनी तिथं खोदकाम काढलं होतं, आणि पेपरात या बाईच्या सांगाड्याचा फोटो आल्यापासून लोक जत्रेला यावेत तसे येत होते. नऊ वर्षांच्या संसारात गोरक्षनं स्वतःहून काढलेली ही पहिली सहल. सहल कसली, लाच होती ती. ते प्रतिभालाही कळत होतं.

उद्या सोमवार. उद्या सकाळी दहाला प्रतिभाला चांदवडच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून हजर व्हायचं होतं. लग्नाआधी केलेल्या कोर्सचं सर्टिफिकेट इतकी वर्षं ट्रंकेत पडून होतं. आता कुठं ऑर्डर आली होती. उद्या ती गेली नाही, तर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार होते.

बुधवारी जेवताना तिनं ऑर्डर दाखवली, तेव्हा गोरक्षनं ती वाचलीसुद्धा नव्हती. "सोमवारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून तर बघ," तो म्हणाला होता, "तंगड्या तोडून हातात देईन." मग त्यानं आणखी वरण मागितलं होतं. आपण बायकोवर कधी हात उचलला नाही, हे तो चारचौघांत अभिमानानं सांगायचा, आणि ते खरंही होतं. तंगड्या तो फक्त तोंडानंच तोडायचा. शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या, गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या आणि बायकोच्या.

भाग्यश्री मात्र त्या रात्री जेवली नव्हती. भांडी घासताघासता प्रतिभानं ओल्या हातांनीच तिला जवळ ओढलं. "गरजेल तो पडेल काय, बाळा? माणसं बोलतात नुसती. तोडत कोणी नसतं."

आठ वर्षांच्या पोरीला ते पटलं. इतकं पटलं, की आईच्या नोकरीची आईपेक्षा तिलाच जास्त घाई झाली. किल्ली गळ्यात घालायची, शाळेतून आल्यावर आतून कडी लावायची, गॅसला हात लावायचा नाही, सगळं तिनं पाठ केलं. ट्रंकेतून आईचे ट्रेनिंगचे बूट काढले. ते पिवळे पडले होते. काल संध्याकाळी आपल्या पीटीच्या बुटांबरोबर तिनं त्यांनाही पांढरं पॉलिश लावलं. दोन्ही जोड सिडकोतल्या त्यांच्या खिडकीत अजून वाळत होते.

"उंदरांनी नाय नेले, भाऊ. तोडलेत. मुद्दाम."

खड्ड्याची राखण करणारा भिकन काठी टेकत जवळ आला. खोदणाऱ्या साहेबांचं ऐकून ऐकून त्याला सगळं तोंडपाठ झालं होतं. "साडेतीन हजार वर्सं झाली या बाईला. तव्हा मोठं माणूस मेलं का घरातच पुरायचे. आन् पुरायच्या आधी घोट्यापून पाय तोडायचे. घर सोडून कुठं जाऊ नाय म्हणून."

"मेल्यावरच ना?" प्रतिभानं घाईनं विचारलं.

"हां ताई, मेल्यावरच. माया हो, दुसरं काय! आपलं माणूस आपल्यापाशीच ऱ्हावं."

"वा!" गोरक्ष म्हणाला. त्याला हे फारच आवडलं. "ऐकलंस का? पूर्वीच्या लोकांना किती माया होती बघ."

प्रतिभा त्याच्याकडे पाहत नव्हती. ती लेकीकडे पाहत होती. भाग्यश्रीच्या हातातला पुडा तिरका झाला होता आणि भेळ मातीत सांडत होती.

"काका," तिनं भिकनला विचारलं, "ही कुठं जायचं म्हणाली होती?"

"आता ते कोण सांगनार, बाय?" भिकन हसला.

भाग्यश्री तिथंच मातीत बसली. तिनं दोन्ही हातांनी आईचे घोटे धरले.

"मम्मी, उद्या नको जाऊ तू. नको ना. मी बूट परत ट्रंकेत ठेवते."

नवऱ्याला द्यायला प्रतिभानं बुधवारपासून दहा उत्तरं तयार ठेवली होती. पण पाय धरून बसली होती ही. अगं, मेल्यावर तोडतात, जिवंतपणी नाही, एवढं तरी सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि ते सांगणं तिचं तिलाच खोटं वाटलं. तिनं हळूच एक पाय सोडवून पाहिला. पोरीची पकड आणखी घट्ट झाली. खिडकीतले बूट प्रतिभाच्या डोळ्यांपुढे आले आणि तिला रडू फुटलं.

बुधवारचं आपलं वाक्य गोरक्ष गुरुवारीच विसरला होता. दोरीपाशी जमलेल्या माणसांकडे त्यानं कौतुकानं पाहिलं.

"बघ," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पोरीची केवढी माया आहे तुझ्यावर!"