हजल

“अरं हजल, तू हितं कुठं?”

माने सरांचा आवाज म्हणजे शेवटच्या बाकावर झोपलेल्याला उठवणारा. शेजारच्या स्टॉलवर स्पीकर तपासणारेसुद्धा दचकले. कुरुंदवाडकडच्या एका हायस्कूलचे हे मुख्याध्यापक शाळेसाठी नवा फळा बघायला कोल्हापुरातल्या त्या भल्यामोठ्या ऑडिओ-व्हिज्युअल प्रदर्शनात आले होते. बरोबर तीन तरुण शिक्षक. फळ्याच्या स्टॉलवर खोटा वर्गच मांडला होता. दहा बाकं, बाकागणिक एक टॅबलेट आणि समोर भिंतभर फळा. बसताना प्रत्येकाचं नाव विचारून टॅबलेटमध्ये भरलं होतं. फळ्याची माहिती द्यायला जो पुढं आला, त्याला बघून सरांनी ती हाक घातली होती.

तिशीच्या त्या माणसानं सरांना ओळखलं. मग त्यानं हात जोडले.

“नमस्कार, सर. बाकावर बसलेला जो बोलेल, त्याचं बोलणं ह्या फळ्यावर नावासकट उमटतं. फळा ते शुद्ध करून लिहितो आणि लगेच सगळ्यांच्या टॅबलेटवर पाठवतो. आता तो ऐकतोय बरं का.”

सर कुठले थांबतात. आपल्या हाताखालून गेलेलं पोरगं एवढ्या मोठ्या प्रदर्शनात टाय लावून उभं आहे, हे बरोबरच्यांना कळायला नको? ते फळ्याकडं पाठ करून मागच्या बाकाकडं वळले.

“स्नेहल मॅडम, हा माझा विद्यार्थी. आमच्या नबीलाल मंडपवाल्याचा पोरगा. ह्याला र म्हणायला यायचा न्हाय. हजर म्हणायचं तर म्हणायचा हजल. मग काय, मी रोज ह्याची हजेरी दोनदा घ्यायचो. पोरं हसून लोळायची. एकदा तर तवाच्या हेडमास्तरांना वर्गात बोलावून ऐकवलं की.”

तिघं शिक्षक हसले. मुख्याध्यापक हसतोय म्हटल्यावर हसावंच लागतं. पण स्नेहलचं हसू मध्येच अडकलं. ती सरांच्या खांद्यावरून फळ्याकडं बघत होती. सर वळले.

विजयसिंह माने : त्याला र म्हणता येत नव्हता.

विजयसिंह माने : हजर म्हणायचे तर तो हजर म्हणत असे.

विजयसिंह माने : मी रोज त्याची हजेरी दोनदा घेत असे. मुले खूप हसत असत.

विजयसिंह माने : एकदा तेव्हाच्या मुख्याध्यापकांना वर्गात बोलावून ऐकवले.

वीतभर उंचीची अक्षरं. सरांनी दोनदा वाचलं. यंत्राला ‘हजल’ हा शब्द ठाऊकच नव्हता, त्यानं तो आपल्या मनानं नीट करून ‘हजर’ लिहिला होता. गंमत तेवढी गळून गेली होती आणि सरांनी काय केलं, ते नुसतं उरलं होतं, पुस्तकातल्यासारख्या स्वच्छ मराठीत. इतकी वर्षं हा किस्सा त्यांनी लग्नात सांगितला, निरोपसमारंभात सांगितला, दर वेळी लोक हसले. असा लिहिलेला त्यांनी कधी वाचला नव्हता.

बाहेरून जाणारी माणसं थबकून वाचत होती. एका बाईंनी फळा वाचला, मग सरांकडं पाहिलं आणि त्या पुढं गेल्या.

“हे पुसा की,” सर हळू आवाजात म्हणाले.

विजयसिंह माने : हे पुसा.

“पुसतो. पण सगळ्यांच्या टॅबलेटवर गेलंय, सर.”

त्याचा र आता खणखणीत होता. फक्त र यायच्या आधी तो जरासा थांबायचा, अंधारात जिन्याची पायरी चाचपावी तसा. मघापासून तो असाच बोलत होता. सरांच्या ते आत्ता कुठं ध्यानात आलं. स्नेहलनं आपला टॅबलेट बाकावर पालथा घातला.

सरांना लाज वाटली. माफ कर म्हणावं, एवढंच मनात आलं. फळ्यावर उमटलं तर उमटू दे, लोकांनी वाचलं तर वाचू दे. त्यांनी तोंड उघडलं आणि नावापाशीच अडले. माफ कर म्हणायचं, पण कुठल्या नावानं? हजल तर आता म्हणवत नव्हतं. नबीलाल आठवला. त्याचा मंडप आठवला, भोंगे आठवले. हजेरी नंबरानं व्हायची, त्याचा सतरा नंबरही आठवला. पोराचं नाव काही आठवेना. त्याच्या गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा नेमकं उलटं फिरलेलं. तिघं शिक्षक खाली मान घालून बसले होते. विचारण्यावाचून इलाज नव्हता.

“तुझं नाव काय रं, बाळ?”

विजयसिंह माने : तुझे नाव काय आहे, बाळ?

त्यानं फळ्याकडं बघितलं नाही. सरांकडं बघितलं.

“तोहिद,” तो म्हणाला. कुठंही न थांबता, सलग. “तोहिद नबीलाल मुल्ला. हे मला तवाबी नीट म्हणता येत होतं.”

मग तो जरासा थांबला.

“ह्यात र न्हाय.”