दोन गुणांचा प्रश्न

साहेब, परीक्षेचा पेपर काढताना तुम्ही आगीची ती बातमी उतारा म्हणून जशीच्या तशी उचललीत. कुणाची लेक तो सोडवायला बसेल, हे तुमच्या मनालाही शिवलं नाही.

त्या शिवणकारखान्याच्या आगीत पोरीचा बाप गेला होता. प्रश्न दोन गुणांचा होता: 'कामगाराचा मृत्यू कशामुळे झाला?' पोरीचं पेन थबकलं. कारखान्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पण शिकवणीच्या बाईंनी वर्षभर घोकून घेतलं होतं, "उत्तर उताऱ्यातच असतं. ओळ शोधा, उतरवा, मोकळे व्हा. स्वतःचं डोकं चालवलंत की गुण गेले!" तिने ओळ शोधली आणि वळणदार अक्षरात उतरवली: 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.'

दोनपैकी दोन मिळाले. शेजारी लाल शाईत 'शाब्बास!'

आईने ते दोनदा वाचलं. "अगं, आणि कुलूप?"

"ते उताऱ्यात नव्हतं, आई. लिहिलं असतं तर शून्य मिळालं असतं."

तीच उत्तरपत्रिका घेऊन आई आता तुमच्या दारात उभी आहे, साहेब. कुलूप लावणाऱ्याचं नाव कितव्या ओळीत होतं, तेवढं तिला सांगा.