उकळून गार केलेलं पाणी

सर्जनने कागद वाचला, मागच्या बाजूला काही लिहिलंय का ते पाहिलं आणि नर्सपुढे सरकवला. त्यावर एकच ओळ होती. नमुना कुजलेला, तपासणी शक्य नाही. तारीख सात आठवड्यांपूर्वीची.

"इतके दिवस हा होता कुठे?"

कागद शहरातल्या प्रयोगशाळेच्या खिडकीत पडून होता. त्यांना वाटलं, दवाखाना घेऊन जाईल. दवाखान्याला वाटलं, ते फोन करतील. मागच्या महिन्यात, आता पडद्याआड झोपलेल्या बाईला 'रिपोर्ट आला नाही, पुढच्या खेपेला या' असं सांगून परत पाठवलं होतं. नर्सने कागद केसपेपरला टाचला. सर्जन महिन्यातून एकदा येणारा माणूस, बाहेर तीस पेशंट ताटकळलेले, त्याला उत्तर हवंय कुठे?

तो पडद्याआड जाऊन बाईला तपासून आला आणि हात धुता धुता म्हणाला, "गाठ सुपारीएवढी होती. आता लिंबाएवढी झालीय. काखेतही लागतेय. आजच पुन्हा तुकडा घेऊ." आवाज त्याने खाली आणला होता, पण पडदा कापडाचाच. आत बाईने ऐकलं, दाराशी तिच्या नवऱ्यानेही ऐकलं.

नवरा दूध संकलन केंद्रावर फॅट मोजायचा. अंगावर मूठभर मांस नाही, तरी गावभर त्याचं नाव 'फॅटवाले'. नखं कापलेली, सदरा पांढराशुभ्र. बाटल्या विसळण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

दुसऱ्यांदा तपासणी करायची तर पहिली का वाया गेली ते कॉम्प्युटरला सांगावं लागे, त्याशिवाय तो पुढे सरकत नसे. नर्सने विचारलं, "भाऊ, तुकड्याची बाटली वाटेत सांडली होती का?"

"छे हो, सिस्टर. एक थेंब नाही." तो पुढे आला. "मी शहरात पोचलो तर खिडकी बंद झालेली. म्हणून घरी आणली, दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन दिली. त्या पाण्याला असला उग्र वास, डोळे चुरचुरले माझे. म्हटलं, पाणी नासलंय. हिच्या अंगाचा तुकडा असल्या पाण्यात कसा ठेवायचा? मग बाटली तीनदा गरम पाण्याने विसळली. पाणी उकळलं, गार केलं, आणि ते भरलं." शेवटाकडे त्याचा आवाज हळू होत गेला. नर्सचा चेहरा त्याला दिसत होता.

"ते औषध होतं," सर्जन म्हणाला. "तुकडा त्यातच टिकतो." आणि पडद्याआड गेला.

बाटल्या न्यायला दवाखान्याची गाडी होती. पहिला तुकडा काढला त्या दिवशी ती पाहुण्यांना आणायला गेली होती. कॅन्सरच्या रुग्णांसाठी सगळ्या दवाखान्यांनी हातात हात घालून कसं काम करावं, यावर तालुक्याला मोठी सभा होती. नर्सलाही खुर्च्या मांडायला बोलावलं होतं. घाईघाईत पायरीवरच तिने बाटली याच्या हातात दिली आणि म्हणाली, "जपून न्या हं." त्याने जपूनच नेली होती.

'उघडू नये' असं छापलेल्या लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा तेव्हाही तिच्या खणात होता. आदेश आल्यावर वापराव्यात, असं वरच्या कागदावर लिहिलं होतं. आदेश आजही आलेला नव्हता.

कॉम्प्युटरने तीन कारणं दाखवली. रुग्णाची टाळाटाळ. नातेवाइकांचा हलगर्जीपणा. इतर. तिचा हात अडला. 'इतर' म्हटलं की वरून फोन येतो, चौकशी लागते, आणि तिची नोकरीची दोनच वर्षं राहिली होती. तिने दुसरं कारण निवडलं. त्या क्षणी तिला स्वतःची किळस आली, पण बोटाने करायचं ते केलंच.

कागद छापून आला. खाली नातेवाइकाची सही लागत होती. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं, हलगर्जीपणा या शब्दावर थोडा थांबला. नर्स खिडकीबाहेर बघत राहिली.

"अहो, करून टाका सही," आतून बायको म्हणाली. "पुढचं तरी लवकर होऊ दे."

"बरोबरच आहे," तो म्हणाला. "चूक माझीच." केंद्रावरच्या वहीत करतो तशी त्याने स्वच्छ, वळणदार सही केली.

अर्ध्या तासाने सर्जनने तुकडा काढून बाटलीत घातला. नर्सने खण ओढला, गठ्ठ्याची सुतळी तोडली आणि आदेशाची वाट न बघता एक लाल चिठ्ठी बाटलीच्या गळ्याशी बांधली. दोन गाठी मारल्या. नवरा शेजारी उभा राहून बघत होता, हात पाठीमागे घट्ट धरलेले.

"आमच्याकडे असंच असतं, सिस्टर," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, माहिती द्यावी तसा बोलत होता. "दुधाचा नमुना वर तपासायला पाठवायचा तर बुचावर लाख ओततात, त्यावर शिक्का मारतात. मग वाटेत कुणाची हात लावायची टाप नाही. मागच्या बाटलीवर काहीच नव्हतं. म्हणून मला वाटलं, उघडलं तर चालत असेल."